भूभाग, सीमा आणि अनुशेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावचा प्रश्न तापला, लडाखमध्ये उपोषण सुरू झालं किंवा नागपूर अधिवेशनात अनुशेषावरून, म्हणजे मागास भागाच्या विकासातल्या तुटीवरून, सभात्याग झाला, की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. देशाची आणि राज्याची सीमा कोण ठरवतं, ती बदलताना तिथल्या लोकांना कोणी विचारतं का, आणि सीमेच्या आत आल्यावर त्या भागाच्या विकासाची हमी कोण देतं, याची उत्तरं इथे भारतापुरती दिली आहेत. ती लिहिताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, ती सुरुवातीलाच सांगतो. आपला कायदा जमिनीच्या बाबतीत फार काटेकोर आहे. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडणार, हे सांगताना मात्र तो ढिला पडतो. खालच्या जवळपास प्रत्येक उत्तरात ही तफावत दिसेल.

भारताचा भूभाग म्हणजे नेमकं काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १ मध्ये तीन गोष्टी येतात: राज्यं, केंद्रशासित प्रदेश आणि पुढे संपादन केला जाईल असा भूभाग. त्याच अनुच्छेदात भारत हा ‘राज्यांचा संघ’ असल्याचं म्हटलं आहे. स्वतंत्र राज्यांनी आपसात करार करून हा देश बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही, हा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत केला होता.

समुद्राचं गणित वेगळं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचं सार्वभौमत्व चालतं. २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासे, तेल, वायू यांवर हक्क असतो, पण तो पट्टा देशाचा भूभाग नव्हे. कोकणातल्या मच्छीमारांच्या दृष्टीने महत्त्वाचं असं, की प्रादेशिक समुद्रातली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि त्यापलीकडची केंद्राच्या.

राज्याची सीमा बदलायला त्या राज्याची संमती लागते का?

लागत नाही. अनुच्छेद ३ नुसार नवं राज्य करणं, दोन राज्यं जोडणं, सीमा किंवा नाव बदलणं हे सगळं संसद साध्या बहुमताने करू शकते. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडायचं आणि त्याआधी संबंधित विधिमंडळाचं मत मागवायचं, एवढंच बंधन आहे. मत ठरलेल्या मुदतीत आलं नाही तरी काम थांबत नाही, आणि विरोधात आलं तरी थांबत नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये पुनर्रचना विधेयक फेटाळलं होतं. तरीही २ जून २०१४ रोजी तेलंगण अस्तित्वात आलं.

या अनुच्छेदाचा अर्थ ज्या गाजलेल्या खटल्यात लागला, तो आपल्याच इतिहासातला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. मुंबई विधिमंडळाचं मत मागवलं गेलं ते याच प्रस्तावावर. पुढे संसदेने तो बदलून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य केलं. प्रस्तावच बदलला, तर मत पुन्हा का मागवलं नाही, असा बाबुलाल पराते यांच्या याचिकेतला सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निकाल दिला की पुन्हा विचारण्याची गरज नाही.

म्हणजे मुंबई खरोखरच महाराष्ट्राच्या हातून जाऊ शकली असती?

कायद्याने काहीच आडवं आलं नसतं. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा झालीच होती. याच प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जणांचं रक्त सांडलं, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जमिनीवर आणलं, आणि मग १ मे १९६० उजाडला. मुंबई राहिली ती लोकांच्या रेट्यामुळे. अनुच्छेद ३ तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पक्षाने ध्यानात ठेवायला हवं.

आख्खं राज्य केंद्रशासित करता येतं का?

२०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या बाबतीत तसं झालं. तिथे त्या वेळी राष्ट्रपती राजवट होती, त्यामुळे विधानसभेचं मत असं घेतलंच गेलं नाही. ११ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडाख वेगळा काढणं वैध ठरवलं. उरलेल्या भागाला राज्याचा दर्जा परत देणार, असं केंद्राने सांगितल्यामुळे संपूर्ण राज्याचं केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करता येतं का, हा मूळ मुद्दा न्यायालयाने खुला ठेवला. माझ्या मते तो सोडायला नको होता. उद्या दुसऱ्या राज्यावर हीच वेळ आली, तर पुन्हा पहिल्यापासून वाद घालावा लागेल.

सरकार देशाची जमीन दुसऱ्या देशाला देऊ शकतं का?

देऊ शकतं, पण नुसत्या करारावर सही करून नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात करार झाला. त्यात जलपैगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारी युनियन क्रमांक १२ चा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. बंगालमध्ये गदारोळ झाला आणि प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेलं. १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की देशाचा भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्तीच करावी लागेल, अनुच्छेद ३ पुरणार नाही. त्याप्रमाणे नववी घटनादुरुस्ती झाली. प्रत्यक्षात बेरुबारी कधीच दिलं गेलं नाही. १९७४ च्या भारत-बांगलादेश करारात ते भारताकडेच राहिलं.

सीमा नेमकी कुठून जाते हाच वाद असेल आणि तो मिटवताना रेषा आखली, तर मात्र घटनादुरुस्ती लागत नाही. कच्छच्या रणाबाबत आंतरराष्ट्रीय लवादाने १९६८ मध्ये वादातल्या क्षेत्राचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या निकालात हा फरक स्पष्ट झाला. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या कच्चथीवू बेटाबद्दल केंद्राची भूमिका याच फरकावर उभी आहे. बेटाची मालकी मुळातच वादात होती, १९७४ मध्ये फक्त सागरी सीमा ठरली, म्हणून काही ‘दिलं’ असं म्हणता येत नाही, असं केंद्र म्हणत आलं. रामेश्वरमच्या मच्छीमाराला या युक्तिवादाने काय मिळालं? १९७६ च्या पुढच्या समझोत्यानंतर पलीकडच्या पाण्यातली त्याची मासेमारी बेकायदा ठरली आणि जाळं-होडीसकट पकडलं जाणं त्याच्या नशिबी आलं.

छिटमहाल म्हणजे काय? ते देऊन भारताने जमीन गमावली, असं म्हणतात, ते खरं का?

छिटमहाल म्हणजे एका देशाचा, पण चारही बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेला जमिनीचा तुकडा. या प्रश्नाचं उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण सार्वभौमत्व नुसतं कागदावर राहिलं तर माणसाचं काय होतं, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

कूचबिहारचं संस्थान आणि मोगलांचा रंगपूरचा मुलूख यांच्यात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तह झाला, तेव्हा दोन्हीकडच्या सरदारांच्या ताब्यातली गावं एकमेकांच्या हद्दीत अडकून राहिली. राजांनी बुद्धिबळाच्या पटावर गावं पणाला लावली, ही दंतकथा तिकडे आजही सांगतात. ब्रिटिश अमलात या गावांमुळे कोणाचं अडत नव्हतं. १९४७ मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ मध्ये कूचबिहार भारतात विलीन झालं, आणि ही बेटं आंतरराष्ट्रीय सीमेच्या चुकीच्या बाजूला राहिली. अदलाबदलीच्या यादीत बांगलादेशाच्या पोटात भारताची १११ छिटमहालं होती आणि भारताच्या पोटात बांगलादेशाची ५१. दहाला खागराबारी नावाचा पावणेदोन एकराच्या आसपासचा एक तुकडा तर असा होता की तो भारताचा, बांगलादेशी छिटमहालाच्या आत, ते छिटमहाल भारतीय छिटमहालाच्या आत आणि ते बांगलादेशात. जगात असा दुसरा तुकडा नव्हता.

२०११ च्या संयुक्त शिरगणतीत या सगळ्या बेटांवर मिळून ५१ हजारांच्या आसपास माणसं निघाली. त्यांचा देश कोणता ते नकाशावर लिहिलेलं होतं, पण त्या देशाचा तलाठी, शिक्षक, पोलीस यांपैकी कोणी तिथे पोचू शकत नव्हता. वीज शेजारच्या गावापर्यंत यायची आणि छिटमहालाच्या हद्दीवर थांबायची. पोराला शाळेत घालायचं तर बाहेरच्या गावातल्या कुणाचं तरी नाव बाप म्हणून लावायचं. बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं तर नवरा म्हणून दुसऱ्याचं नाव सांगायचं. चोरी झाली, मारामारी झाली तर तक्रार करायला ठाणं नव्हतं, कारण स्वतःच्या देशाच्या ठाण्यात जायचं म्हणजे विनापरवाना सीमा ओलांडायची.

१६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी अदलाबदलीचा करार केला. तो अमलात यायला ४१ वर्षं लागली. अखेर २०११ चा पूरक करार आणि मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने केलेली शंभरावी घटनादुरुस्ती यांनंतर ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहालं संपली. भारताकडून १७,१६० एकर गेले, ७,११० एकर आले. कागदावर दहा हजार एकरांचा फरक दिसतो आणि ‘जमीन गमावली’ असं म्हणणारे त्याकडेच बोट दाखवतात. मला ते पटत नाही. जिथे भारताचा एक कर्मचारीही जाऊ शकत नव्हता ती जमीन आपल्या ताब्यात होती असं कशाच्या जोरावर म्हणायचं? त्या रात्री हजारो माणसांना प्रथमच चालतंबोलतं नागरिकत्व मिळालं. तो निर्णय योग्यच होता, उशीर मात्र अक्षम्य होता.

भारतातल्या बांगलादेशी छिटमहालांमधल्या रहिवाशांनी जागेवरच राहून भारतीय होणं पसंत केलं. पलीकडून भारतात राहायला आलेल्यांची संख्या हजाराच्याही आत होती. केंद्राने सुमारे एक हजार कोटी रुपये मंजूर केले. आलेल्या कुटुंबांना दिनहाटा, मेखलीगंज आणि हल्दीबारी इथल्या छावण्यांत पत्र्याच्या खोल्या मिळाल्या आणि त्यांचा मुक्काम तिथे लांबतच गेला. पूर्वीच्या छिटमहालांतल्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करण्यासाठी पश्चिम बंगालला २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला. देशांमधली हद्द एका रात्रीत बदलली, सातबारासारखा साधा कागद मिळायला त्यानंतरही वर्षं गेली.

नवा भूभाग देशात कसा सामील होतो?

जमीन आधी ताब्यात येते, घटनेत तिची नोंद नंतर होते. दादरा-नगर हवेली १९५४ च्या पावसाळ्यात पोर्तुगिजांकडून मुक्त झाली. त्या मोहिमेत पुण्या-मुंबईचे मराठी तरुण पुढे होते आणि संगीतकार सुधीर फडके स्वतः त्यात उतरले होते. पुढची सात वर्षं तो प्रदेश भारताच्या नकाशात नव्हता, स्थानिक वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला तिकडचा प्रमुख हवा होता, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतल्या के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. मग दहावी घटनादुरुस्ती झाली.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने घटनेत आला. पोर्तुगालने हे सार्वभौमत्व मान्य केलं ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या शेवटच्या दिवशी. सिक्कीम आधी सहयोगी राज्य आणि १९७५ च्या जनमतानंतर पूर्ण राज्य झालं.

गोव्याला जनमत कौल मिळाला, मग बेळगावला का नाही?

हा प्रश्न सीमाभागातून सर्वांत जास्त येतो आणि त्यामागचा सल खरा आहे.

गोव्यासाठी संसदेने खास कायदा केला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे केंद्रशासित राहणं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. महाराष्ट्राला तेव्हा फार लागलं, पण लोकांनी स्वतः दिलेला निकाल असल्याने तो वाद तिथेच संपला. गोवा ३० मे १९८७ रोजी राज्य झालं आणि आज महाराष्ट्रात कोणी विलीनीकरणाची भाषा करत नाही.

शेजारच्या राज्यात जायचं की नाही, हे स्वतंत्र भारतात मतपेटीतून विचारलं गेलं ते याच एका वेळी. घटनेत अशा कौलाची तरतूद नाही, पण मनाईही नाही. संसदेने ठरवलं तर कायदा करता येतो. बेळगावच्या बाबतीत ते झालं नाही, कारण गोवा केंद्राच्या हाताखाली होता आणि बेळगाव एका राज्याच्या. एका राज्याचा रोष पत्करून दुसऱ्या राज्याच्या मागणीवर मतदान घ्यायची कोणत्याच केंद्र सरकारची तयारी नव्हती. लोकांना विचारलं की वाद कायमचा मिटतो, हे गोव्यात दिसलं असताना तो मार्ग टाळला गेला, याची खंत वाटते.

बेळगावचा वाद आज नेमका कुठे अडकला आहे?

१ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. महाराष्ट्राने चार निकष धरले: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमावाद ह. वि. पाटसकरांनी याच धर्तीवर सोडवला होता. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि केंद्राने महाजन आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, अशी शिफारस झाली. महाराष्ट्राने ती नाकारली, कर्नाटक मात्र तीच अंतिम मानतं. महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सीमा ठरवणं हे संसदेचं काम आहे, न्यायालयाचं नाही, अशी कर्नाटकाची हरकत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमुखी ठराव केला, कर्नाटकाने त्याआधीच आपला ठराव केला होता.

दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण निपाणी-खानापुरातल्या मराठी शेतकऱ्याला उतारा मराठीत मिळावा, मुलाला मराठी शाळा मिळावी, यासाठी सीमा हलवायची गरज नाही. अनुच्छेद ३५० अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे, ३५० ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा आयुक्त नेमतो, आणि पंधरा टक्क्यांहून जास्त अल्पभाषिक असतील तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, असं केंद्राने जुन्या काळापासून मान्य केलेलं धोरण आहे. सीमाभागातली महाराष्ट्र एकीकरण समिती दर वर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळते तेव्हा बातमी होते ती लाठीमाराची. मराठी उताऱ्याची मागणी आतल्या पानावरही येत नाही. महाराष्ट्राने भूभागाइतकाच जोर या हक्कांवर लावला असता, तर दोन पिढ्यांचं नुकसान बरंच कमी झालं असतं.

ग्रामपंचायतीने ठराव केला तर गाव दुसऱ्या राज्यात जाऊ शकतं का?

नाही. असा ठराव म्हणजे फक्त मागणी. पण तो का होतो, हे बघायला हवं. सांगलीच्या जत तालुक्यातल्या दुष्काळी गावांनी काही वर्षांपूर्वी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. त्यामागे भाषा नव्हती, म्हैसाळ योजनेचं न पोचलेलं पाणी होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच आधारावर जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला. मुंबईत खळबळ उडाली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेची फाइल एकदम हलली. त्याच सुमारास सुरगाण्यातल्या गावांनी गुजरातची आणि नांदेडच्या सीमेवरच्या गावांनी तेलंगणची वाट दाखवली. पाण्याची मागणी वर्षानुवर्षं पडून राहते आणि राज्य सोडायची भाषा केली की आठवड्यात बैठक लागते, हे या गावांना कळून चुकलं आहे.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात उलटा प्रकार आहे. परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. बरीच कुटुंबं मराठवाड्यातून येऊन तिथे वसलेली. एकाच गावात एक मराठी शाळा आणि एक तेलुगू, दोन राज्यांची दोन रेशनकार्डं, दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मजा आहे. पण वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीचा पट्टा मागायला माणूस जातो, तेव्हा दोन राज्यांच्या दाव्यात आणि वनखात्याच्या नोंदीत तो अडकतो. योजना दोन्ही सरकारं देतात, जमिनीचा कागद मात्र लवकर हाती येत नाही.

भारताचा नकाशा चुकीचा छापला तर शिक्षा होते का?

होते. १९६१ च्या कायद्यानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मागास भागाचा ठरलेला निधी दुसरीकडे वळवला, म्हणून कोणाला कैद होईल असा कायदा नाही.

नागपूर करार आणि अनुच्छेद ३७१(२) यांचा संबंध काय?

२८ सप्टेंबर १९५३ रोजी विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी नागपूर करार केला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात वाटा, नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि दर वर्षी विधिमंडळाचं अधिवेशन, अशी आश्वासनं त्यात होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. तरीही विदर्भ संयुक्त राज्यात आला, तो या शब्दावर. मराठवाडा तर बिनशर्त आला.

या आश्वासनांची घटनात्मक सावली म्हणजे अनुच्छेद ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर, असं त्यात म्हटलं आहे. मात्र राष्ट्रपतींना तसा आदेश ‘काढता येईल’, काढलाच पाहिजे असं नाही. वाटपही संपूर्ण राज्याच्या गरजा सांभाळून करायचं आहे. याच कलमात गुजरातेतल्या सौराष्ट्र आणि कच्छ यांची नावं आहेत, पण तिथे मंडळं स्थापन झालीच नाहीत. आपल्याकडे विधिमंडळाने १९८४ मध्ये ठराव केला आणि मंडळं यायला १९९४ उजाडलं.

अनुशेष कसा मोजतात?

रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, वीजपंप अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल, त्याला तिथवर आणायला लागणारी रक्कम म्हणजे अनुशेष. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये तो ३,१८६ कोटी रुपये काढला. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून १४,००६ कोटींचा आकडा दिला. डॉ. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यात अनुशेषाच्या पुढे जाऊन पाणी, आदिवासी भाग आणि प्रादेशिक संतुलन यांचा विचार होता. तो डिसेंबर २०१४ मध्ये सभागृहात मांडला गेला आणि तिथून त्याचा प्रवास फारसा पुढे गेला नाही.

रक्कम दिली की अनुशेष भरला, असं होत नाही. गोसीखुर्द बघा. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्चाचा अंदाज हजारो कोटींवर गेला आणि अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट ज्या पिढीला सांगितलं होतं ती पिढी म्हातारी झाली. हिशेबात विदर्भाला पैसा ‘मिळाला’, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी गेलं नाही. निधीचा अनुशेष आणि हेक्टरांचा अनुशेष वेगवेगळा मोजावा, हा आग्रह म्हणूनच बरोबर आहे.

कोकणाचीही यात अडचण होते. उर्वरित महाराष्ट्र या गटात कोकणाबरोबर पुणे, सांगली, कोल्हापूर येतात, त्यामुळे सिंधुदुर्गाची उणीव सरासरीत बुडून जाते. स्वतंत्र मंडळाची कोकणची मागणी त्यातूनच आली.

विकास मंडळं आत्ता आहेत का?

त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि तेव्हाच्या राज्य सरकारने वेळेत मुदतवाढ घेतली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेऊन प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचं ठरवलं. मंडळं फारशी ताकदवान नव्हती, ‘वैधानिक’ हा शब्दही २०११ मध्ये नावातून गेला होता. पण त्यांचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवावा लागे आणि त्या आधारावर राज्यपाल २००१ नंतर वाटपाचे निदेश देत. मंडळ नसेल तर जिल्हावार तूट मोजणारं, सरकारला ती लेखी दाखवणारं घटनात्मक ठिकाणच उरत नाही. इतक्या महत्त्वाच्या व्यवस्थेची मुदत एका तारखेला गुपचूप संपते आणि रस्त्यावर कोणी उतरत नाही, हे मराठवाडा-विदर्भाच्या नेतृत्वाचंही अपयश आहे.

शेजारच्या कर्नाटकाने याहून वेगळं काय केलं?

बिदर, कलबुर्गी, रायचूर, यादगिर, कोप्पळ आणि बळ्ळारी या जिल्ह्यांसाठी २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ जे आलं. यातला बराचसा भाग मराठवाड्यासारखाच निजामाच्या राज्यातून आलेला. तिथे विकास मंडळाबरोबर शिक्षणसंस्थांत आणि सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागाही मिळाल्या. उदगीरच्या मुलाला जे नाही ते सीमेपलीकडच्या भालकीच्या मुलाला आहे. अंमलबजावणीच्या तक्रारी तिकडेही आहेत, पण प्रवेश नाकारला तर कलम दाखवून न्यायालयात जाता येतं. मराठवाड्याने मागायचं तर हेच मागावं, असं माझं ठाम मत आहे.

केंद्र सीमेवरच्या गावांसाठी वेगळं काही करतं का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रमात अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड, हिमाचल आणि लडाखमधली २,९६७ गावं निवडली, पहिल्या टप्प्यात ६६२. तरतूद ४,८०० कोटींची, त्यातले २,५०० कोटी रस्त्यांसाठी. गाव ओस पडलं तर त्या जमिनीवरचा हक्क लंगडा होतो, हे दिल्लीला उमगल्याचं हे लक्षण. लडाखची सहाव्या अनुसूचीची (आदिवासी भागांना स्वायत्त परिषद देणाऱ्या घटनेतल्या तरतुदीची) मागणी याच्या पुढचं पाऊल मागते: रस्ता द्याच, पण जमिनीबद्दलचा निर्णयही आमच्या परिषदेकडे द्या. रस्त्यांचं काम पुढे जातंय, या मागणीवर चर्चा रेंगाळली आहे.

छोटं राज्य केलं की विकास होतो, हे खरं का?

नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड झाले. तिघांचे अनुभव तीन तऱ्हेचे आहेत. झारखंडला पहिल्या पूर्ण मुदतीच्या मुख्यमंत्र्यासाठी जवळजवळ दोन दशकं थांबावं लागलं. राजधानी जवळ येते, मंत्रालयाचे खेटे कमी होतात, हा फायदा निश्चित. पण राज्य विदर्भाचं झालं म्हणून गडचिरोलीचं लोखंड आपोआप गडचिरोलीकरांचं होत नाही. त्यासाठी पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी लागते, ती आज आहे त्या राज्यातही करता येते. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून स्वतःच्या बांबूचा व्यवहार हाती घेतला, तो महाराष्ट्रात राहूनच.

माझ्या जिल्ह्याचा अनुशेष किती, हे कुठे पाहायचं?

दांडेकर आणि केळकर समितीचे अहवाल, राज्यपालांचे जुने निदेश आणि अर्थसंकल्पासोबत येणारी कार्यक्रम अंदाजपत्रकं यांत जिल्हावार आकडे सापडतात. सिंचनाचे आकडे पाटबंधारे महामंडळाच्या कार्यालयात माहिती अधिकाराखाली मागा. अर्जात ‘मंजूर निधी’ इतकंच विचारू नका. प्रत्यक्ष खर्च, निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र हे तिन्ही आकडे वर्षवार मागा, कारण मंजूर निधी आणि भिजलेलं रान यांच्यात जो फरक निघतो तोच आमदाराला सभागृहात मांडता येतो.